विजयमुहूर्तीं जागविलेल्या गुप्तडब्यांची हकीकत

श्री. प्रथम विघ्नहर्त्यास दंडवत, मग वाग्देवीस, आणि मग, या दौलतीचा रिवाजच ऐसा म्हणोन, कुलुपास. शके एकोणीसशें शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन शुद्ध दशमी, मंदवार, या दिवसापासोन पुढील पाडव्यापर्यंत या राज्यांत जें घडलें तें घडलें तैसें लिहून ठेवावें, ऐशी मजला कोणाची आज्ञा नाहीं. उलट लिहूं नये ऐशी आज्ञा आहे, शिक्क्यानिशीं आहे. परंतु मी दफ्तरांतला लिहिणार, बावीस वर्षें निरनिराळ्या दरबारीं दुसऱ्यांचें खोटें सुवाच्य अक्षरांत लिहिलें, आतां एक वेळ खरें लिहितों, अक्षर वाईट आलें तर वाचणारानें क्षमा करावी. राज्याचें नांव लिहीत नाहीं, कारण नांव लिहिल्यास वकील येतात.

आतां डबी म्हणजे काय तें आधीं सांगणें प्राप्त. हल्लीं एक नाणें चालतें, जें हातांत धरवत नाहीं, दगडावर वाजवून पाहवत नाहीं, दिसत नाहीं आणि तरीहि चोरीस जातें. त्याची किल्ली म्हणजे चोवीस शब्द. ज्यास ते चोवीस शब्द ठाऊक त्याचें तें धन, मग तो मालक असो वा चोर, नाणें विचारीत नाहीं. हे शब्द माणसाच्या ध्यानांत राहात नाहींत आणि कागदावर ठेवावे तर कागद रद्दींत जातो, म्हणोन हे शब्द पोटांत ठेवणारी, आगपेटीएवढी, एक यंत्राची डबी या राज्यांत तयार होऊं लागली आणि तिजला गुप्तडबी ऐसें नांव ठेविलें. डबीचे पोटांत एक अदृश्य कारभारी बसतो, त्यास फर्मवेअर म्हणतात. तो हाडामांसाचा नव्हे, लिहिलेल्या हुकुमांचा बनलेला. शब्द काढणें, शब्द राखणें, धनी बटण दाबील तेव्हां दरवाजा उघडणें, हें सर्व तोच करितो. डबी म्हणजे तो, बाकी सगळें टरफल. आणि या राज्यांत पांच वर्षें सर्वांनीं टरफलाची पूजा केली.

राज्याचे धनी श्रीमंत तात्यासाहेब. स्वभावें उदार, अंगानें भरदार आणि टरफलाचे मोठे शौकीन. डबी पितळी असावी कीं काळी, कोपरा गोल असावा कीं चौकोनी, यावर खलबतखान्यांत अकरा महिने मसलत चालली. मग परीक्षा मांडली. डबी गच्चीवरून फेंकली, शाबूत राहिली, आणि मग सांबाराच्या पातेल्यांत उकळली, शाबूत राहिली, आणि मग नगरपालिकेचा रोडरोलर भाड्यानें आणवून डबीवरून नेला, डबी डांबरांत रुतली पण शाबूत राहिली, आणि श्रीमंत टाळ्या वाजवून बोलिले, "ऐशी डबी त्रिखंडांत नाहीं." दरबारानें माना डोलविल्या. पोटांतल्या कारभाऱ्याची परीक्षा कोणीं केली, ऐसें कोणी विचारिलें नाहीं, कारण तो दिसत नाहीं आणि त्याजवरून रोलर नेतां येत नाहीं.

कारभाऱ्याचें पहिलें काम चोवीस शब्द काढणें. हे शब्द डोळे मिटून, रांजणांत हात घालून चिठ्ठी काढावी तैसे काढावयाचे, जेणेंकरून कोणता शब्द येईल हें काढणारासहि कळूं नये. परंतु ज्या कारकुनानें हा कारभारी लिहिला त्यास घाई होती, आणि घाईंत त्यानें रांजण ठेविलाच नाहीं. घड्याळांत पाहावें, जी वेळ असेल तिजवरून गणित करून शब्द काढावे, ऐसें तात्पुरतें लिहिलें आणि शेजारीं टीप ठेविली, 'हें मागाहून बदलणें.' मग तो कारकून अधिक पगारावर दुसऱ्या राज्यांत गेला आणि टीप इथेंच राहिली. पांच वर्षांत सात माणसांनीं ती टीप वाचली आणि प्रत्येकानें, दुसरा कोणी बदलीलच, ऐसें समजून पान उलटलें. म्हणजे मामला ऐसा कीं ज्या दोन डब्या एकाच सेकंदास जाग्या होतील त्यांचे शब्द एकच, आणि ज्यास ती वेळ ठाऊक त्यास शब्दहि ठाऊक. तरी एवढ्यावर कसेंबसें निभावलें असतें, कारण कोणता धनी कोणत्या दिवशीं, कोणत्या घटकेस डबी उघडील, हें चोरास काय ठाऊक? परंतु श्रीमंतांस मुहूर्ताचें वेड.

श्रीमंत मुहूर्तावांचून चपला घालीत नाहींत. त्यांनीं वेदमूर्ति अनंतभटांस बोलावून दसऱ्याचा विजयमुहूर्त काढविला, तो निघाला दोनप्रहर टळल्यावर दोन वाजून एकवीस मिनिटांपासून तीन वाजून नऊ मिनिटांपर्यंत. मग हुकूम जाहला कीं पहिल्या घाण्याच्या सहा हजार डब्या गिर्‍हाइकाच्या हातीं अशुभ वेळीं जाग्या होऊं नयेत, सर्व इथेंच, या मुहूर्तावर जाग्या कराव्या, शब्द काढवावे आणि पुन्हां निजवून विकाव्या. मग मांडव घातला, सनई लावली, चाळीस कामगार ओळीनें बसविले, प्रत्येकापुढें दीडशें डब्या. बरोबर दोन एकवीसला पहिलें बटण श्रीमंतांनीं आपल्या खासगी डबीचें दाबिलें आणि मग चाळीस हात चालूं लागले आणि अठ्ठेचाळीस मिनिटांत सहा हजार डब्या जाग्या जाहल्या. इतकें करून श्रीमंतांचें समाधान होईना, म्हणोन प्रत्येक डबीसोबत एक सोनेरी प्रमाणपत्र दिलें, त्यावर ती डबी कोणत्या तासास, मिनिटास आणि सेकंदास जागी जाहली तें छापिलें. म्हणजे गुपित पेटींत आणि गुपिताची किल्ली सोनेरी शाईंत. गिर्‍हाइकांनीं तीं प्रमाणपत्रें चौकटींत बसविलीं, देव्हाऱ्याशेजारीं टांगलीं, त्यांच्या तसबिरी काढून जगास दाखविल्या. आणि मुहूर्ताची वेळ निमंत्रणपत्रिकेंत ठळक छापावी, वर्तमानपत्रांतहि द्यावी, ऐसें सुचविणारा दुसरा कोणी नव्हे, मीच.

पुढें मार्गशीर्षांत तक्रारी येऊं लागल्या. सहा हजारांपैकीं विकल्या चारशें, त्यांतल्या निम्म्या लग्नाच्या अहेरांत जाऊन कपाटांत पडलेल्या, तरी तीन माणसांनीं लिहिलें कीं आमच्या डबीतलें धन आपोआप कमी जाहलें. त्यांस दफ्तरांतून ठरलेलें उत्तर गेलें: 'आपली डबी अभेद्य आहे, आपण आपले शब्द घरांत कोणापाशीं बोलला असाल.' एका गृहस्थानें त्या उत्तरावरून आपल्या जावयाशीं बोलणें टाकलें, तें आजतागायत टाकलेलेंच आहे. तें उत्तर माझ्या हातचें.

मग पौषांत द्वारकाबाई निमकर स्वतः चालत आल्या. बाई तालुक्याच्या सरकारी इस्पितळांत मेट्रन होत्या, निवृत्त जाहल्या, पण चालणें अजून वॉर्डात राउंड घेतल्यासारखें. तक्रार-खिडकीवर उभ्या राहून बोलल्या, "माझ्या डबीत पैसे वाढलेत." खिडकीवरचा कारकून बोलिला, "कमी झाले म्हणायचंय का बाई?" "वाढले म्हणाले मी. मला ऐकू नीट येतं, तुम्हाला येतं का?" कारकुनानें कागद पाहिला. त्यावर रकाने दोनच, 'कमी झाले' आणि 'डबी हरवली'. वाढल्याचा रकाना नव्हता. कारकून बोलिला, "देवाची कृपा समजा आणि घरी जा." त्यावर बाई बोलल्या, "देव न सांगता खात्यात भरत नाही. हे कुणाचे तरी आहेत. चौतीस वर्षं वॉर्ड सांभाळला, पेशंटच्या उशाखालचं पाकीट आणि माझी पर्स सारखी दिसली तरी कुठलं कुणाचं ते मला कळत होतं. आतमध्ये कोणी शहाणं माणूस असेल तर बोलवा." आणि बाकावर बसल्या. दोन तास बसल्या आणि तिसऱ्या तासास कारकुनानें कंटाळून कुंदेस बोलाविलें.

कुंदा तेरवणकर ही कारभाऱ्याची तपासनीस, दोन महिन्यांखालीं चाकरीस आलेली, तिजपूर्वीं ती जागा तीन वर्षें रिकामी. तिनें बाईंचें प्रमाणपत्र पाहिलें, दोन वाजून चव्वेचाळीस मिनिटें सतरा सेकंद. मग प्रमाणपत्रांची नोंदवही पाहिली, ती माझ्याच मेजावर असते. त्यांत नेमक्या त्याच सेकंदाची दुसरी डबी निघाली, ती विकलेली बंदरावरच्या हरेश्वर तांडेलास. मग कुंदेनें कारभाऱ्याचे लिखित हुकूम पहिल्या ओळीपासून वाचावयास घेतले आणि चौथ्या दिवशीं तिला ती टीप सांपडली. मार्गशीर्षांतल्या तीन तक्रारींचेंहि मूळ हेंच, जुळ्या डबीच्या धन्यानें आपलें समजून खर्चिलेलें. ती माझ्याकडे आली आणि खुर्चीवर बसून इतकेंच बोलली, "मागाहून बदलणें. पांच वर्षं, काका." आणि मग हसूं लागली आणि मग तिचे डोळे भरले.

हरेश्वर तांडेल यांस तिनें दूरध्वनि केला. हा तांडेल स्वतःच्या होडीचा धनी, दिवाळीपासून होडीचें इंजिन फुटलेलें, होडी वाळूंत ओढून ठेविलेली. त्याचा मेव्हणा परदेशी जहाजावर, तो सहा वर्षें थोडें थोडें हें अदृश्य नाणें पाठवी, तें नव्या इंजिनासाठीं डबींत सांठविलेलें. इंजिन आलें तर होडी पाण्यांत, नाहीं तर तांडेल आयुष्यभर दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी. कुंदा बोलली, "तुमच्या डबीत दुसऱ्या एका बाईंचे पैसे मिसळलेत." पलीकडून तांडेल बोलिला, "आवो ताय, मी बोललो पैसं वाढलं कशे? मना वाटलं मेव्हण्याला अक्कल आली." आणि मोठ्यानें हसला. मग गंभीर होऊन बोलिला, "बायचं पैसं बायला देन. माजं तेवडं ऱ्हाऊंदे, इंजिनाचं हाय." कुंदेनें सांगितलें कीं कांहींहि हलवूं नका, कारभारी दुरुस्त करितें, आठ दिवसांत सर्व डब्यांस नवे शब्द देतों. तो बोलिला, बरं. द्वारकाबाईंसहि हेंच सांगितलें आणि त्याहि बरं म्हणाल्या. माणसांनीं विश्वास ठेविला, याचा मला अजून संताप येतो.

माघ शुद्ध पंचमीस दरबार भरला. कुंदेनें सात दिवसांत नवा कारभारी लिहून तयार केला होता. ती पुढें येऊन बोलली, "साहेब, डबीत एक दोष सापडलाय." श्रीमंत बोलिले, "दोष हा शब्द या महालांत चालत नाहीं. विशेष म्हणावें." ती बोलली, "बरं. एक विशेष सापडलाय. तुमच्या खासगी डबीचे चोवीस शब्द मला माहीत आहेत." आणि कागद पुढें ठेविला. श्रीमंतांनीं पहिले चार शब्द वाचिले आणि पागोटें सारखें केलें, पुढचे चार वाचिले आणि पाणी मागविलें. मग बोलिले, "हें तुला कोणीं फोडलें?" "तुमच्या निमंत्रणपत्रिकेनं. दोन एकवीसला तुम्ही बटण दाबणार असं त्यात छापलंय." दरबारांत कोणी खोकलें. अनंतभट बसल्या जागेवरून बोलिले, "श्रीमंत, शुभ वेळ मी सांगितली हें खरें. तीच वेळ किल्ली म्हणून वापरा, ऐसें मी सांगितलें नव्हतें. मी पत्रिकेवर लग्नाची वेळ लिहितों, तिजोरीची नाहीं." श्रीमंतांची मर्जी खपा जाहली.

कुंदा बोलली कीं नवा कारभारी तयार आहे, आजच सर्व गिर्‍हाइकांस कळवावें आणि तोंवर आज्ञा असेल तर सर्वांचें धन राज्याच्या खजिन्यांत सुखरूप उचलून ठेवावें. श्रीमंत बोलिले, "लग्नसराई तोंडावर आली. आज तोंड उघडलें तर एक डबी विकणार नाहीं. पाडव्यास नवा मुहूर्त आहे. तेव्हां नूतन कारभारी म्हणोन वाजतगाजत देऊं." कुंदा बोलली, "पाडव्याला छप्पन्न दिवस आहेत." श्रीमंत बोलिले, "इतके दिवस कोणास कळलें नाहीं, तर आणखी छप्पन्न दिवसांत कोणास कळणार?" मी कपाळावर हात मारिला आणि तो दिसूं नये म्हणोन केंस सारखे केले. मग कुंदेचें गणित जप्त जाहलें, तिच्या मेजास सील लागलें आणि मौनाचा हुकूम निघाला. तो सुवाच्य अक्षरांत मींच लिहिला. त्याच सायंकाळच्या आंत श्रीमंतांनीं आपली खासगी डबी गुपचूप रिकामी केली. दिवाणांनीं केली, राज्याची वाहवा छापविणाऱ्या कीर्तिखात्यानें केली, खिडकीवरच्या कारकुनानें केली. मींहि केली. हें लिहितांना लाज वाटते, पण केली. ज्यांस ठाऊक होतें त्यांचें वांचलें आणि ज्यांचा भरवसा होता ते चारशें तैसेच राहिले.

कुंदेनें घरीं बसून चारशें पाकिटांवर पत्ते लिहिले आणि भोळेपणें तीं राज्याच्याच टपालखात्यांत टाकिलीं, टपालखात्यानें तीं हुजुरापुढें आणून ठेविलीं, आणि मग तिचा पगारहि बंद जाहला. आणि मग माघ वद्य प्रतिपदेस चोर आला. तो कोण, आजवर ठाऊक नाहीं, सातासमुद्रांपलीकडचा असेल वा शेजारच्या आळींतला असेल. त्यास डबीला हात लावण्याचें कारण नव्हतें. त्यानें पत्रिका वाचिली, अठ्ठेचाळीस मिनिटांचे सेकंद केले, ते भरले दोन हजार आठशें ऐंशी, आणि एकेका सेकंदाचे शब्द काढून तो दारें उघडूं लागला. गवगवा होऊं नये म्हणोन असेल, पण तो दिवसास एकच मिनिट घेई. पहिल्या दिवशीं दोन एकवीसच्या डब्या गेल्या, दुसऱ्या दिवशीं दोन बावीसच्या. चोरास शिस्त होती, तेवढी आमच्या दफ्तरास असती तर चोर आलाच नसता. तक्रारी येत त्या मी नोंदवहीशीं ताडून पाहीं आणि कुंदेस कळवीं, मौनाचा हुकूम मोडून मीं केलेलें एवढेंच काम. तिनें बोटांवर मोजलें आणि बोलली, "चोविसाव्या दिवशी दोन चव्वेचाळीस. म्हणजे फाल्गुन शुद्ध नवमी. तांडेलांना कळवा."

तांडेल समुद्रावर. स्वतःची होडी वाळूंत, म्हणोन तो दुसऱ्याच्या ट्रॉलरवर गेलेला, डबी घरीं कुलुपांत, दूरध्वनि लागत नाहीं, शिमग्याला सगळे खलाशी घरीं परततात तेव्हां परतणार, म्हणजे चोर येऊन गेल्यावर चार दिवसांनीं. मग द्वारकाबाईंस कळविलें, त्या तडक पोलीस ठाण्यांत गेल्या. हवालदार बोलिला, "किती चोरीला गेलं?" "अजून गेलं नाही. नवमीला जाणार आहे." "मग गेल्यावर या." बाई तिथून कुंदेच्या घरीं आल्या, दुपारचे चार, कुंदेची आई शेंगा सोलीत बसलेली, मी कोपऱ्यांत. बाई बोलल्या, "कुंदा, माझे शब्द आणि त्याचे शब्द एकच ना? मग मी त्याचे पैसे काढू शकते." कुंदा बोलली, "मावशी, त्यांना न विचारता काढलं तर ती चोरी होईल." "आणि नाही काढलं तर?" "तर नवमीला चोर काढील." बाई बोलल्या, "मग चोरी तर होणारच आहे. चोर कोण, एवढंच ठरवायचंय. दुसरी डबी आणा, आणि ह्यांच्या कारखान्यातली नको."

मग दुसऱ्या एका राज्याची डबी आणिली, परंतु कुंदेचा आतां कोणाच्याहि कारभाऱ्यावर विश्वास नव्हता. तिनें शेजारच्या मुलांचा सापशिडीचा फासा मागून आणिला आणि शब्द फाशानें काढावयाचे ठरविलें. बाई फासा टाकीत, कुंदेची आई आंकडा वाची, कुंदा लिही. एकदां फासा शेंगांच्या परातींत गेला, तो आईनें हळूंच सरळ केला, त्यावर कुंदा ओरडली, "आई, हात लावू नको, पुन्हा टाका." या राज्याच्या इतिहासांत चिठ्ठी डोळे मिटून काढल्याचा हा पहिला प्रसंग. अष्टमीस, शुक्रवारीं, द्वारकाबाईंनीं आपलें आणि तांडेलाचें सर्व धन त्या नव्या डबींत हलविलें. बटण दाबतांना त्या बोलल्या, "उद्या चोर नाहीच आला, तर मी जन्मभर चोर." मग त्यांनीं तांडेलाच्या दारांत पोस्टकार्ड टाकविलें, 'आपले इंजिनाचे पैसे माझ्याकडे सुखरूप आहेत, उतरल्यावर घेऊन जाणे, द्वारका निमकर,' आणि त्याची नक्कल पोचपावतीनिशीं श्रीमंतांसहि धाडिली, कारण बाईंस कोणतीहि गोष्ट नोंदीवांचून करवत नाहीं. नवमीस चोर नेमका आला, त्या सेकंदाचें दार उघडलें, आंत कांहीं नाहीं, आणि पुढें गेला.

पत्राची नक्कल पोंचतांच श्रीमंतांस हर्ष जाहला. चोर सांपडला, नांवपत्त्यासहित सांपडला, सही करून सांपडला. हुकूम निघाला कीं डब्यांत विशेष नाहीं, सर्व चोऱ्या या बाईच्याच, दवंडी पिटावी आणि बाईस दरबारीं आणावें. शिमग्याचे आदले दिवशीं दरबार भरला. साक्षीस कुंदा, लिहावयास मी. श्रीमंत बोलिले, "आरोप लिहा. या बाईनें तांडेलाच्या डबीचे शब्द चोरिले." बाई बोलल्या, "नाही. मी माझ्या डबीवर आलेले माझेच शब्द वापरले. तसंच लिहा." मी लिहिलें, 'आरोपीनें स्वतःचेच शब्द वापरून दुसऱ्याची डबी उघडली.' श्रीमंतांनीं वाचिलें आणि फाडिलें, कारण हें लिहिलें तर विशेष कबूल होतो. मी दुसऱ्यांदा लिहिलें, 'आरोपीस शब्द ठाऊक होते.' श्रीमंत बोलिले, "कसे ठाऊक होते, हें विचारतील." तेंहि फाडिलें. तिसऱ्यांदा मी नुसतें बाईंचें नांव लिहिलें आणि पुढें काय लिहावें हें दरबारांत कोणासहि सुचेना, कीर्तिखात्यासहि नाहीं. बाई बोलल्या, "लवकर ठरवा, मला घरी पुरण वाटायचंय."

इतक्यांत हरेश्वर तांडेल आला, बंदरावरून तसाच, पायांस वाळू, हातांत पोस्टकार्ड. श्रीमंत आसनावरून अर्धे उठले. "यावें तांडेल. तुमची चोर ही. बोला, काय शिक्षा द्यावी?" तांडेलानें बाईंकडे पाहिलें, बाईंनीं त्याची नजर चुकविली, आणि त्या सगळ्या मामल्यांत मीं त्यांस तेवढेंच एकदां भ्यालेलें पाहिलें. तांडेल बोलिला, "मालक, बायनी मना ह्या कार्ड धाडलं. मी घरी आलो, कार्ड वाचलं, बायकोला बोललो, आपलं इंजिन हाय." मग थांबून बोलिला, "तुमाला ठाव होतं ना, पैसं जानार हायत ते? कवापासून ठाव होतं?" कुंदा बोलली, "माघातल्या पंचमीपासून." तांडेल बोलिला, "मंग तुमी मना काय धाडलं?"

श्रीमंत उदार, हें वर लिहिलेंच आहे. त्यांनीं ताबडतोब हुकूम केला कीं तांडेलास एक नवी गुप्तडबी नजर करावी, प्रमाणपत्रासहित. तबकांत डबी आली. तांडेलानें ती उलटसुलट पाहिली आणि कारकुनास विचारिलें, "ह्याचा टाइम कंचा?" कारकुनानें अभिमानानें वाचिलें, "दोन वाजून अठ्ठावन्न मिनिटें पांच सेकंद." कुंदा आपल्या जागेवरून बोलली, "चोर आज दोन अठ्ठेचाळीसवर आहे. अजून दहा दिवस चालेल ही." तांडेलानें डबी तबकांत परत ठेविली आणि बाईंस बोलिला, "चला बाय, रिक्षा भाईर हुबी हाय." बाईंचा निकाल दरबारानें शिमग्यानंतर लावावयाचा ठरविला, तो अद्याप लागलेला नाहीं, कारण आरोप अद्याप लिहिलेला नाहीं.

पाडव्यास नूतन कारभारी वाजतगाजत बाहेर पडला. तो कुंदेनें माघांत लिहिलेलाच, अक्षराचाहि फरक नाहीं, खालीं नांव मात्र श्रीमंतांचें. शेहेचाळिसावें मिनिट त्या दिवशीं दोनप्रहरीं, श्रीमंत कोकम सरबत घेत असतां गेलें. उरलीं दोन मिनिटें वांचलीं, आणि कीर्तिखात्यानें दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत छापविलें कीं 'तत्पर कारवाईमुळें डब्या सुरक्षित.' एकशें त्र्याऐंशी घरांतल्या डब्या रिकाम्या जाहल्या, त्या घरांस तें ठरलेलें उत्तर गेलें, आपण घरांत कोणापाशीं बोलला असाल. त्या उत्तरावर सही करण्याची पाळी माझी होती. मी केली नाहीं आणि राजीनामा लिहिला, फार उशिरां.

सारांश इतकाच. दोष सर्वांस ठाऊक होता, दुरुस्ती तयार होती, आणि मधले छप्पन्न दिवस आम्ही मुहूर्ताची वाट पाहिली. वांचलें तें एका खलाशाचें इंजिन, तेंहि एका बाईनें चोर होण्याची तयारी केली म्हणोन. पुढें मी मुद्दाम बंदरावर गेलों. होडी नव्या इंजिनानें पाण्यांत गेली होती, बाईंनीं नारळ फोडला होता. मी तांडेलास विचारिलें, होडी कोणत्या वारीं लोटली, किती वाजतां, बखरींत नोंद करावयाची आहे. त्यानें माझ्या हातांतली वही पाहिली, हसला आणि बोलिला, "लिवायचं हाय? मंग नाय सांगत." त्याचें बरोबर आहे. हें लिहिणें संपलें. कोणत्या तिथीस, कोणत्या घटकेस, तें लिहीत नाहीं.